रूळ गेले, वाट आली. वस्ती राहील का?

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात अटलांटा नावाचे मोठे शहर आहे. या शहरात एक रस्ता आहे. दक्षिणेकडून येताना त्याचे नाव बुलेवार्ड. पॉन्स डी लिऑन हा हमरस्ता ओलांडून तो उत्तरेकडे गेला की त्याच रस्त्याचे नाव होते मनरो ड्राइव्ह. मध्ये वळण नाही, फाटा नाही, डांबरही तेच. मग नाव का बदलले? कारण चौकाच्या एका बाजूला कृष्णवर्णीयांची वस्ती होती आणि दुसऱ्या बाजूला गोऱ्यांची. ‘त्यांच्या’ रस्त्याचे नाव आपल्या पत्त्यावर नको, एवढेच कारण. या शहरात असे नाव बदलणारे आणखीही रस्ते आहेत.

आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पत्ता सांगताच समोरच्या माणसाचा चेहरा बदलतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे.

त्याच चौकापासून थोड्या अंतरावर आज वेगळे दृश्य दिसते. एका जुन्या रेल्वेपुलावरून माणसे पायी आणि सायकलवरून तोच पॉन्स डी लिऑन रस्ता ओलांडत असतात. म्हातारी माणसे, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, शाळकरी मुले, कामावरून परतणारे तरुण, सारे त्यात असतात. चौदा फूट रुंदीची काँक्रीटची ही वाट जुन्या लोहमार्गांच्या जागेवर बांधली जात आहे. शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारे सुमारे ३५ किलोमीटरचे हे वर्तुळ ४५ वस्त्यांना एकमेकींशी जोडणार आहे. या प्रकल्पाला ‘बेल्टलाईन’, म्हणजे कमरपट्ट्यासारखी फिरणारी रेषा, असे नाव आहे.

ज्या शहराने रस्त्यांची नावे तोडली, त्या शहराने वस्त्या जोडणारी वाट बांधायला घ्यावी, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु या वाटेची दुसरी बाजूही आहे. तीही आपण नीट समजून घेतली पाहिजे.

भिंतीचे शहर

अटलांटा हे रेल्वेने जन्माला घातलेले शहर आहे. १८३७ साली लोहमार्गाचे शेवटचे टोक म्हणून येथे एक खूण रोवली गेली आणि त्या खुणेभोवती गाव वाढले. पुढे मध्यवर्ती स्थानकावर गाड्यांची गर्दी होऊ लागली, म्हणून शहराला वळसा घालणारे मार्ग टाकण्यात आले. त्यांच्या कडेने कारखाने आणि गोदामे उभी राहिली. हे रूळ अनेक ठिकाणी गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची वस्ती अलग ठेवणारी सीमारेषाही ठरले.

या विभागणीला सरकारी शिक्काही होता. कोणत्या गल्लीत कोणत्या वंशाच्या माणसाने राहावे, याचा नियम अटलांटा शहराने १९१३ साली केला. असे नियम घटनाबाह्य आहेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली दिला. तरीही १९२२ च्या नगररचनेत शहराचे गोरे आणि काळे असे विभाग पाडण्यात आले. न्यायालयाने तेही रद्द केले. कागदावरचा नियम गेला, मनातला राहिला.

डिसेंबर १९६२ मध्ये तर शहराने पेटन रोड नावाच्या रस्त्यावर चक्क अडथळे उभारून तो बंद केला. कारण काय? एका कृष्णवर्णीय डॉक्टरने पलीकडच्या गोऱ्यांच्या वसाहतीत घर घेण्याचा प्रयत्न केला होता. या अडथळ्यांना लोक ‘अटलांटाची भिंत’ म्हणू लागले. १ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने तो अडथळा बेकायदा ठरविला आणि तो लगेच काढण्यात आला. म्हणजे रस्ता माणसांना जोडतो तसाच तो माणसांना अडवूही शकतो, हे या शहराने डोळ्यांनी पाहिले आहे.

रुंद महामार्गांनीही असेच केले. ऑबर्न ॲव्हेन्यू हा कृष्णवर्णीयांच्या दुकानांचा, बँकांचा, चर्चेसचा भरभराटीचा रस्ता होता. शहराच्या मध्यातून नेलेल्या महामार्गाने त्याचे दोन तुकडे केले. पूर्वेकडे आणखी एक महामार्ग नेण्यासाठी शेकडो घरे पाडली गेली, परंतु लोकांनी अनेक वर्षे लढा देऊन तो रोखला. नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन लुईस त्या वेळी नगरसेवक होते, तेही लोकांच्या बाजूने उभे राहिले. आज त्या पाडलेल्या जागेच्या बऱ्याच भागावर फ्रीडम पार्क आहे आणि त्यातून पायवाट जाते.

एका विद्यार्थ्याचा प्रबंध

१९९९ साली जॉर्जिया टेक या संस्थेत रायन ग्रॅव्हेल हा विद्यार्थी वास्तुकला आणि नगररचना शिकत होता. पदव्युत्तर पदवीसाठी त्याने एक प्रबंध लिहिला. शहराभोवतीचे हे जुने, बऱ्याच अंशी ओसाड पडलेले लोहमार्ग एकत्र जोडून त्यावर ट्राम चालवावी आणि कडेच्या पडक्या गोदामांच्या जागी लोकवस्ती वसवावी, अशी त्याची कल्पना होती. प्रबंध लिहून तो नोकरीला लागला. अशा हजारो प्रबंधांचे पुढे काय होते, हे आपल्याला माहीत आहे!

येथे मात्र तसे झाले नाही. कॅथी वुलार्ड या नगरसेविकेने ही कल्पना उचलून धरली. चर्चमध्ये, शाळांमध्ये, वस्तीच्या बैठकांमध्ये नकाशे लावून लोकांना ती समजावून सांगण्यात आली. लोकांनी त्यात आपली मागणी जोडली. कोणाला बाग हवी होती, कोणाला मुलांसाठी सुरक्षित वाट हवी होती, कोणाला परवडणारे घर हवे होते. अशा रीतीने ट्रामच्या योजनेत पायवाट, बागा आणि घरे आली. २००५ साली शहराने प्रकल्प मंजूर केला.

२००८ साली पश्चिमेकडे पहिला छोटा टप्पा झाला. २०१२ च्या ऑक्टोबरात पूर्वेकडचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि लोकांची तेथे रीघ लागली. त्याच्या कडेला एक पाणथळ, पूर येणारी जागा होती. तेथे जमिनीखाली महागडा बोगदा खणण्याऐवजी तळे आणि बाग करण्यात आली. त्यामुळे खर्च वाचला, पुराचे पाणी जिरले आणि मुलांना खेळायला जागा मिळाली. २०१७ साली पश्चिमेकडचा सुमारे पाच किलोमीटरचा टप्पा झाला. तो वॉशिंग्टन पार्कपाशी जातो. शहरातील इतर बागांची दारे बंद असताना कृष्णवर्णीयांसाठी १९१९ साली केलेली ही पहिली सार्वजनिक बाग. पूर्ण वर्तुळ २०३० पर्यंत जोडून घेण्याचे उद्दिष्ट आहे.

पूर्वेकडची वाट जेथून जाते, तेथून थोड्याच अंतरावर मार्टिन ल्यूथर किंग यांचे जन्मघर आणि त्यांचे एबेनेझर चर्च आहे. १९५९ साली किंग भारतात आले होते. केरळमधील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतून आलेले अस्पृश्य बंधू’ अशी करून दिली. किंग आधी चमकले, थोडे दुखावलेही. मग आपल्या देशातील कृष्णवर्णीयांची घरे, शाळा, गरिबी त्यांच्या डोळ्यांपुढे आली आणि ओळख खरी आहे, हे त्यांनी मान्य केले. ही हकीकत त्यांनी ४ जुलै १९६५ रोजी याच एबेनेझर चर्चमध्ये आपल्या लोकांना सांगितली. म्हणून अटलांटाच्या वाटेची गोष्ट ही आपल्याला परकी नाही.

पैशाचा हिशेब

आता मुद्द्याचा भाग. एवढ्या मोठ्या कामाला पैसा कोठून आणला? नवीन कर न लावता ‘वाढीव घरपट्टी’तून. ही पद्धत साध्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा, २००५ साली वाटेच्या पट्ट्यातील एका मालमत्तेची घरपट्टी शंभर रुपये होती. वाट झाल्यावर मालमत्तेची किंमत वाढली आणि घरपट्टी दीडशे झाली. यांतले पहिले शंभर रुपये नेहमीप्रमाणे शहर, जिल्हा आणि शाळा यांच्या तिजोरीत जातात. वरचे पन्नास रुपये मात्र वाटेच्या खात्यात जमा होतात. या येऊ घातलेल्या पन्नास रुपयांच्या भरवशावर आजच कर्जरोखे काढायचे आणि काम सुरू करायचे. ही व्यवस्था २५ वर्षांसाठी ठरली. कर्जरोख्यांच्या निव्वळ रकमेतील १५ टक्के वाटा परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवायचा आणि २०३० पर्यंत अशी ५,६०० घरे तयार करायची, असेही ठरले.

कागदावर योजना चांगली होती. परंतु २००८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांचा पैसा या कामासाठी वापरता येणार नाही असा निकाल दिला. त्यासाठी राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. त्याच सुमारास अमेरिकेत मंदी आली, घरांच्या किमती कोसळल्या आणि अपेक्षित जमा आली नाही.

या हिशेबात एक मूळचाच पेच होता. वाटेच्या खात्यात पैसा तेव्हाच येणार, जेव्हा कडेच्या घरांच्या किमती वाढणार. आणि किमती वाढल्या की सर्वांत आधी उठून जावे लागणार ते गरीब भाडेकरूला. म्हणजे गरिबांच्या घरांसाठी राखलेला पैसा ज्या भाववाढीतून यायचा, तीच भाववाढ गरिबांना घालवणार. जमाखर्चाची दोन्ही पाने शेजारी ठेवली की हे दिसते. एकच पान वाचले तर दिसत नाही.

वाट आली, भाडे वाढले

आणि तसेच घडले. पूर्वेकडची वाट खुली झाल्यावर तिच्या दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठल्या. १९२६ साली बांधलेली सिअर्स कंपनीची प्रचंड जुनी इमारत २०१४ पासून दुकाने, खाणावळी आणि महागडे फ्लॅट यांनी गजबजली. वाटेपासून चालत जाण्याच्या अंतरावरच्या घरांच्या किमती शहरातील इतर घरांपेक्षा वेगाने वाढल्या. ज्यांचे स्वतःचे घर होते त्यांची घरपट्टी वाढली. ज्यांचे नव्हते त्यांचे भाडे वाढले. जॉर्जियाच्या कायद्यानुसार शहरांना भाड्यावर नियंत्रण आणता येत नाही. त्यामुळे करार संपला की मालक मागेल ते द्यायचे किंवा सामान बांधायचे, एवढेच भाडेकरूच्या हाती उरते.

जागेच्या किमती वाट बांधून होण्याची वाटही पाहत नाहीत. नकाशावर रेघ ओढली की दलाल वस्तीत फिरू लागतात. परवडणाऱ्या घरांना मात्र वर्षे लागतात. प्रकल्प मंजूर झाल्याला दहा वर्षे उलटली तेव्हा ठरलेल्या ५,६०० घरांपैकी पाव हिस्साही तयार नव्हता.

२०१६ च्या सप्टेंबरात एक लक्षणीय गोष्ट घडली. ज्याच्या प्रबंधातून हा प्रकल्प निघाला, त्या रायन ग्रॅव्हेलनेच प्रकल्पाला साहाय्य करणाऱ्या संस्थेच्या संचालकपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यासोबत नॅथॅनिएल स्मिथ या समतेसाठी काम करणाऱ्या कार्यकर्त्यानेही राजीनामा दिला. वाट बांधण्याकडे लक्ष आहे, पण कडेला राहणाऱ्या सामान्य माणसाला तेथे टिकवण्याकडे पुरेसे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याच स्वप्नाला मानाच्या खुर्चीवरून उठून प्रश्न विचारणे सोपे नसते. त्याचे कौतुक केले पाहिजे. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांनी घरांचा हिशेब बाहेर काढला आणि प्रकल्पाचा प्रमुखही बदलला.

लोकांच्या रेट्याने काय झाले?

टीका करून थांबणे हा आपला मार्ग नव्हे. चुका ध्यानात आल्यावर तेथे काय केले गेले, हेही पाहू.

पहिले, २०१८ पासून असा नियम लागू झाला की वाटेच्या परिसरात दहा किंवा अधिक भाड्याची घरे बांधणाऱ्याने त्यांतील १० किंवा १५ टक्के घरे ठरावीक उत्पन्नाखालील लोकांसाठी ठेवलीच पाहिजेत. दुसरे, २०२० च्या फेब्रुवारीत पश्चिमेकडे मोठ्या नव्या बागेभोवती जागांचे भाव चढू लागले, तेव्हा महापौर केशा लान्स बॉटम्स यांनी त्या भागात नवीन बांधकाम परवाने सहा महिने थांबविले. आधी वस्तीचा विचार, मग बांधकाम, असा त्यामागचा हेतू. तिसरे, २०२१ साली वाट पूर्ण करण्यासाठी परिसरातील व्यापारी मालमत्ता आणि भाड्याच्या मोठ्या इमारती यांच्यावर जादा कर बसविला. ज्यांना वाटेमुळे नफा झाला, त्यांनी वाटेचा भार उचलावा, हे न्यायाचेच आहे. चौथे, पश्चिम आणि दक्षिण भागातील कमी उत्पन्नाच्या जुन्या घरमालकांची वाढलेली घरपट्टी २०३० पर्यंत एका निधीतून भरण्याची योजना सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या वृद्धांना केवळ घरपट्टी झेपत नाही म्हणून घर विकावे लागू नये, हा तिचा उद्देश. परवडणाऱ्या घरांच्या कामालाही नंतर वेग आला.

यात उणिवा आहेतच. ‘परवडणारे’ म्हणजे किती, हे सगळ्या महानगर परिसराच्या मध्यक उत्पन्नावरून ठरते. त्यात श्रीमंत उपनगरेही येतात. त्यामुळे हातावर पोट असणाऱ्याला परवडणारे घरसुद्धा अनेकदा परवडत नाही. घरपट्टीची मदत घरमालकाला मिळते, भाडेकरूला नाही. आणि ग्रॅव्हेलच्या मूळ कल्पनेतील ट्राम अजून त्या वर्तुळावर धावलेली नाही. ज्याच्याकडे मोटार नाही, ज्याला रात्रपाळीला लांब जायचे आहे, त्याचे काम केवळ सायकलवाटेने भागत नाही. फिरायला जाणाऱ्याची सोय आधी झाली, कामाला जाणाऱ्याची राहून गेली.

वाट पुढे कोठे जाते?

अटलांटाच्या वायव्येस स्मर्ना गावाजवळून आणखी एक लांब वाट सुरू होते. तिचे नाव सिल्व्हर कॉमेट. या नावाची प्रवासी गाडी १९४७ ते १९६९ या काळात याच मार्गावरून धावत असे. रूळ निघाल्यावर तेथे सुमारे १०० किलोमीटरची पायवाट झाली. अलाबामा राज्याच्या सीमेवर तिला दुसरी वाट मिळते आणि दोन्ही मिळून सुमारे १५० किलोमीटर होतात. शहरातील वर्तुळ या वाटेशी जोडण्याचेही काम हाती घेतले आहे.

ही वाट ज्या दिशेने जाते, तेथे ॲनिस्टन नावाचे गाव आहे. १४ मे १९६१ रोजी अटलांटाहून निघालेली एक बस या गावापाशी जमावाने पेटवून दिली. बसमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय तरुण शेजारी शेजारी बसले होते. राज्याराज्यांतून जाणाऱ्या बसमध्ये आणि स्थानकांवर भेदभाव करता येणार नाही, हा न्यायालयाचा निर्णय प्रत्यक्षात आणून पाहण्यासाठी ते निघाले होते. प्रवाशांना बेदम मारहाण झाली. जानेवारी २०१७ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

कायद्याने दिलेला हक्क पायांनी चालून वापरावा लागतो, हे आपल्याला महाडने शिकविले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे चवदार तळ्यापर्यंत चालत गेली, तेव्हाच तो ठराव जिवंत झाला.

आपल्या दारातला प्रश्न

अशा वाटा आपल्याकडेही येऊ घातल्या आहेत. मुंबई महापालिकेने २०१७ साली तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल मार्ग करण्याची योजना जाहीर केली. त्याआधीच जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या कडेच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशाने हटविण्यास सुरुवात झाली होती. अनेक कुटुंबांना माहुलला पाठविण्यात आले. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, हवेत वास, घराघरांत आजार. लोकांनी आंदोलन केले. माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले. जलवाहिनी सुरक्षित हवी, सायकलवाटही हवी. पण ज्यांची चूल त्या जागेवरून हलली, त्यांची चूल कोठे पेटणार, हे आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवे होते.

वाटेला विरोध करणे हे आपले धोरण असू नये. मोकळी हवा, चालायला जागा, मुलींना सायकल शिकायला निर्धोक रस्ता यांची खरी गरज चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यांनाच जास्त आहे. ज्यांच्याकडे बंगला आहे, त्यांच्याकडे अंगणही आहे. म्हणून अशी योजना आपल्या शहरात आली की वस्तीतील सुशिक्षित तरुणांनी तिचा आराखडा मागून घ्यावा आणि बुद्धविहारात, समाजमंदिरात बैठक घेऊन सर्वांसमोर वाचावा. त्या बैठकीला महिला मंडळाच्या भगिनींना आवर्जून बोलवावे, कारण घर बदलले की पाणी, शाळा आणि रेशन यांची पायपीट त्यांच्याच वाट्याला येते.

प्रश्न चारच विचारायचे. पैसा कोठून येणार? भाव वाढल्यावर भाडेकरूचे काय? बदली घर आधी मिळणार की नंतर? आणि हे सारे लेखी आहे का? अटलांटाच्या लोकांना ही उत्तरे वाट झाल्यावर मागावी लागली. आपण ती रेघ नकाशावर ओढली जाण्यापूर्वीच मागू या. मग ती वाट झाल्यावर तिच्यावरून आपली मुलेही चालतील आणि संध्याकाळी त्याच वस्तीतल्या आपल्या घरी परत येतील.